तिसरं सिलिंडर

आमच्या मारुती ८०० ची तक्रार अशी होती: चालताना काही नाही, उभी राहिली की थरथर. दारव्हा रोडवर साठच्या वेगात गाडी गुमान जायची. पण कापूस निघायला लागला की जिनिंगसमोर ट्रॅक्टरांची रांग लागते. त्या रांगेमागे थांबलं की स्टेअरिंग हातात कापायचं, डॅशबोर्ड कुरकुरायचा आणि आरशात मागच्या एका ट्रॅक्टरचे दोन दिसायचे. हेडलाइट लावले की इंजिनाचा आवाज आणखी खाली बसायचा. एखाद्या वेळी गाडी बंदच पडायची आणि मागून हॉर्न सुरू व्हायचे. रेसवर जरासा पाय ठेवला की सगळं शांत. त्यामुळे बरेच दिवस मी चवडा ब्रेकवर आणि टाच रेसवर अशी कसरत करत गाडी चालवली.

गाडी सासऱ्यांची, मामाजींची. एमएच २९, म्हणजे यवतमाळ पासिंग, २००६ चं मॉडेल. डोळ्यांमुळे त्यांनी चालवणं सोडलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि एसटीच्या वेळा शाळेच्या वेळेशी जुळत नाहीत, म्हणून ती माझ्याकडे आली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटर नाही, प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारा स्वतःचा इंजेक्टर. एसी नाही, आरपीएमचा काटा नाही, त्यामुळे इंजिन किती फेऱ्यांवर चाललंय हे कानानंच ओळखायचं. कंपनीनं २०१४ च्या जानेवारीत ८०० बनवणं बंद केलं, पण ७९६ सीसीचं इंजिन ऑम्नी आणि अल्टोमध्येही होतं. त्यामुळे सामान अजून मिळतं.

‘विकून टाका’ हा विषय घरात निघालाच होता. २०२६ मध्ये गाडीला वीस वर्षं होतात, आणि वीस वर्षांपुढच्या मोटारीच्या पुनर्नोंदणीचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झालं आहे. मामाजी ऐकेनात. मग आधी हिची थरथर काढू, असं ठरलं. त्याला पीयूसीचंही निमित्त होतं. पेट्रोल गाडीचं पीयूसी गाडी उभी ठेवून, आयडलिंगवर, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू ठेवून मोजतात, म्हणजे नेमकी आमची गाडी जिथं रडते तिथंच. बीएस-२ ह्या जुन्या प्रदूषण मानकाच्या, म्हणजे आमच्यासारख्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ७५० पीपीएम. कार्बन मोनॉक्साइड ठीक होता, हायड्रोकार्बन मात्र अगदी काठावर. पावती देता देता तो पोरगा म्हणाला, “मॅडम, पेट्रोल पुरं जळून नाही राह्यलं. तसंच बाहेर निघून राह्यलं.” त्या वेळी मी ते फार मनावर घेतलं नाही, पण अर्धं निदान त्या कागदावर छापलेलं होतं.

सल्ले भरपूर मिळाले. स्टाफरूममध्ये सगळ्यांचं एकमत होतं की हे वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचं काम. शेजारच्या काकाजींच्या मते प्लग. दिरांनी फोनवर सांगितलं, इंजेक्टर साफ करून घे. शहरातल्या एका गॅरेजात दाखवली, तर त्यांनी प्लग, इंजेक्टर क्लीनिंग, फ्युएल पंप आणि वर ‘पाहावं लागेल’ अशी यादी काढून दिली. तोवर कामचलाऊ म्हणून रेस वाढवून दिली. रेस वाढवली की थरथर खरंच कमी होते. पण गाडी उभ्या उभ्या गुरगुरते, उतारावर पाय काढला तरी ओढत राहते आणि पेट्रोल पिते. थोड्याच दिवसांत थरथर परत आली, या वेळी वरच्या पट्टीत.

शेवटी मामाजी म्हणाले, दारव्ह्याच्या मिस्त्रीकडे नेऊ. टिनाचं शेड, समोर दोन ऑम्नी आणि एक बोलेरो उघडून ठेवलेली. मिस्त्रीनं पान्याला हात लावला नाही, आधी प्रश्न विचारले. सकाळी थंडीत जास्त थरथरते की गरम झाल्यावर? दोन्ही वेळा सारखीच. रेसवर घेतली की जाते? जाते. चढावर ओढ कमी पडते? नाही. थरथर एकसारखी आहे की मधेच एक ठोका चुकल्यासारखी? ठोका चुकल्यासारखी. मग त्यानं गाडी चालू करायला लावली आणि सायलेन्सरच्या तोंडाशी हाताचा तळवा धरून थोडा वेळ नुसता उभा राहिला.

“मॅडम, ही मिस मारून राह्यली. तीनातलं एक मरते, पण उभ्या गाडीतच मरते.”

मामाजी म्हणाले, “म्हंजे तिफनीचं एक नळं बुजलं म्हना.” तिफन म्हणजे तीन नळ्यांनी बी पेरायचं अवजार.

“हो काकाजी. पण कोनतं बुजलं थे पयले पाहा लागते.”

पुढचं सगळं काम ह्याच एका प्रश्नावर चाललं, आणि म्हणूनच मी हे लिहायला घेतलं. पेट्रोल खराब असेल तर तिन्ही सिलिंडर तेच पेट्रोल पितात. पंप एक, फिल्टर एक, हवा आत सोडणारी थ्रॉटल बॉडी एक. ह्यातलं काही बिघडलं तर तिघंही कमीजास्त रडतील. एकच रडत असेल तर दोष त्या एकाच्या वाटणीच्या गोष्टींत असणार: त्याचा प्लग, त्याची वायर, त्याचा इंजेक्टर, त्याचे व्हॉल्व्ह, किंवा त्याच्या तोंडाशी कुठून तरी शिरणारी जास्तीची हवा. शहरातल्या यादीतला फ्युएल पंप इथंच गळाला. स्टाफरूमचं इथेनॉलही गळालं. म्हणजे जुन्या गाडीच्या रबराला इथेनॉल सोसतं असं मी म्हणत नाही, पण तेवढ्यानं एकाच सिलिंडरचा ठोका चुकत नाही.

बोनेट उघडल्यावर पहिली गोष्ट दिसली ती उंदराचं घरटं. बॅटरीच्या मागे कापसाचं बोंड सोडवून केलेली मऊ गादी, तिच्यात ढेपेचे तुकडे आणि शेजारी एका वायरचं कुरतडलेलं आवरण. आमची गाडी गोठ्याच्या कडेला, सरकीच्या ढेपेच्या खोलीला लागून उभी राहते, त्यामुळे नवल नव्हतं. मला वाटलं, सापडला चोर. मिस्त्रीनं वायर सोलून पाहिली. आतली तांब्याची तार शाबूत होती आणि ती वायर वॉशरच्या पाण्याच्या मोटरची निघाली. त्यानं टेप गुंडाळला. “हे उंदराचं काम नोय,” म्हणाला, आणि घरटं काढून बाजूला ठेवलं.

एअर फिल्टरही काढला. सोयाबीनची मळणी नुकतीच झालेली, रस्त्याकडेनं कुटार, म्हणजे भुसा, उडत होतं, ते सगळं त्या कागदाच्या घड्यांत बसलेलं. बदलला. थरथरीत काडीचाही फरक नाही, आणि पडणारही नव्हता. उभ्या इंजिनाला हवा लागते किती? बुजलेला फिल्टरही तेवढी देतो. फिल्टर बुजल्याचा त्रास पिकपला होतो, आयडलिंगला नाही. तरी शंभर जण आधी फिल्टरच झटकायला सांगतात. झटकून नुकसान काही नाही, एवढंच.

मग प्लग. इंजिन थंड होऊ दिलं, कारण हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि गरम असताना प्लग फिरवला तर आटे जायची भीती. एक, दोन, तीन असे प्लग त्यानं त्याच क्रमानं पुसक्या कपड्यावर मांडले. पहिले दोन फिकट तपकिरी, म्हणजे जळण बरोबर. तिसरा पांढुरका. काळा, ओला असता तर पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमी असं म्हणता आलं असतं. पांढरा म्हणजे पेट्रोलच्या मानानं हवा जास्त. तरी तो प्लगला एकदम निर्दोष म्हणाला नाही. तिसऱ्याचा प्लग पहिल्यात लावला, पहिल्याचा तिसऱ्यात. गॅप पाहिला, साधारण एक मिलिमीटर, ठीक होता. प्लग खराब असता तर आजार त्याच्यासोबत पहिल्या सिलिंडरमध्ये गेला असता.

तो गेला की नाही हे पाहायची पद्धत मला फार आवडली. जुने मिस्त्री चालू गाडीत प्लगची वायर उपटून पाहायचे. ह्या गाड्यांत तसं करू नये, एक तर शॉक बसतो, कॉइलवर ताण येतो आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. त्याऐवजी इंजेक्टरचं कनेक्टर काढायचं. पेट्रोलच बंद, म्हणजे ते सिलिंडर झोपलं. गाडी चालू ठेवून पहिल्याचं कनेक्टर काढलं, इंजिन गचकलं आणि बंद पडायला आलं. लावलं, सावरलं. दुसऱ्याचं काढलं, तसंच. तिसऱ्याचं काढलं आणि काहीच झालं नाही. तीच थरथर, तोच आवाज. जे आधीच झोपलेलं आहे त्याला आणखी काय झोपवणार! चेक इंजिनचा दिवा लागला, पण तो ह्या परीक्षेमुळेच.

“आता रेस धरा मॅडम, जराशी जास्त.” मी रेस धरून ठेवली. त्यानं पुन्हा तिसऱ्याचं कनेक्टर काढलं, तर ह्या वेळी इंजिन चटकन खाली आलं. म्हणजे रेसवर तिसरं काम करत होतं, उभ्यावरच करत नव्हतं.

हे कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेला आणि तो चहा सांगायला निघाला. मला काही कळेना. चहा येईपर्यंत त्यानं समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. व्हॉल्व्ह जळला असता, कॉम्प्रेशन गेलं असतं किंवा वायर, इंजेक्टर बिघडला असता तर रेसवरही ओढ कमी पडली असती. प्लग बदलूनही झोपलं ते तिसरंच, म्हणजे प्लगही सुटला. राहिली हवा. गाडी उभी असते तेव्हा थ्रॉटलची पाकळी जवळजवळ मिटलेली असते, आणि पिस्टन ओढत राहतात, म्हणून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे तिन्ही सिलिंडरना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांत, मोठी ओढ तयार होते. कुठं बारीकशी फट असली तर तिथून हवा आत घुसते. एरवी आत येणारी हवाच थोडी, त्यामुळे ही चोरटी हवा त्यात भारी पडते. रेस दिली की पाकळी उघडते, ओढ कमी होते, हवेचा लोंढा येतो आणि त्यात तेवढ्या फटीचं काही चालत नाही. गाडीतला कॉम्प्युटर सेन्सरनं मोजलेला मॅनिफोल्डमधला दाब पाहून पेट्रोल ठरवतो आणि तिघांना सारखंच देतो. फट तिसऱ्याच्या तोंडाशी असेल तर पेट्रोल सारखं आणि हवा मात्र त्यालाच जास्त. मिश्रण इतकं पातळ होतं की पेट घेत नाही आणि न जळलेलं पेट्रोल मागून निघून जातं. पीयूसीच्या कागदावरचा हायड्रोकार्बन तो हाच.

फट शोधायला आणखी वेळ गेला. मॅनिफोल्डमधून ब्रेक बूस्टरला जाणारी जाड नळी त्यानं कपडा गुंडाळून पकडीनं दाबली. काही फरक नाही, म्हणजे बूस्टर आणि त्याची नळी बाद. इंजिनाच्या वरच्या झाकणावरून मॅनिफोल्डला येणारी नळी दाबली, तीही बाद. मग पेट्रोलच्या नळीचा हातभर तुकडा घेतला, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं मॅनिफोल्डच्या कडेकडेनं फिरवलं. मलाही ऐकायला दिलं. पंख्याच्या आणि इंजिनाच्या घरघरीत मला तरी काही वेगळं ऐकू आलं नाही. त्याला तिसऱ्या इंजेक्टरच्या बुडाशी फुसफुस ऐकू आली.

खात्री करायला बहुतेक जण कार्ब क्लीनरचा फवारा मारतात. तो जळणारा असतो, आणि गरम इंजिनावर, कुठं ठिणगी गळत असेल तर भडका उडायला वेळ लागत नाही. ह्यानं जनावरांच्या डॉक्टरांकडची मोठी सिरिंज काढली, तिच्यात साधं पाणी भरलं आणि मॅनिफोल्ड-हेडच्या सांध्यावर थेंब थेंब सोडत गेला. सांध्यावर काही नाही. तिसऱ्या इंजेक्टरच्या बुडाशी पाणी सोडलं, आणि गाडी एकदम सुधारली. थरथर थांबली, आवाज गोल झाला. पाणी आत ओढलं गेलं आणि परत थरथर. पुन्हा पाणी, पुन्हा शांत. मामाजी खुर्चीवरून उठून आले आणि त्यांनी स्वतः सिरिंज घेऊन पाहिली.

इंजेक्टर मॅनिफोल्डमध्ये जिथं बसतो तिथं एक रबरी सील असते. ती सीलच गेली होती. दारव्ह्यात मिळाली नाही. आमच्या शाळेत यवतमाळहून अपडाऊन करणारे एक सर आहेत, त्यांनी आणून दिली. एकीच्या जागी तिन्ही, कारण जिथं एक वाळली तिथं बाकीच्या दोघीही त्याच वयाच्या. तिन्ही मिळून दोनशे रुपयांच्या आत.

बसवतानाचं काम मी जवळ उभी राहून पाहिलं. आधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढून गाडी चालू केली आणि ती आपोआप बंद पडू दिली, म्हणजे रेलमधला, इंजेक्टरना पेट्रोल पोचवणाऱ्या नळीतला, दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. रेलचे बोल्ट काढून तिन्ही इंजेक्टर रेलसकट उचलले आणि उघड्या भोकांत लगेच स्वच्छ कपडा कोंबला, जुन्या रबराचा कण आत पडू नये म्हणून. तिसऱ्याची सील नखानं दाबली तर दबेना, वाकवली तर तुटली. नव्या सीलना इंजिन ऑइलचा हात लावला. बाँड, शेलॅक असलं काही नाही. बसवल्यावर प्रत्येक इंजेक्टर बोटांनी फिरवून पाहिला, सहज फिरला म्हणजे सील चिमटली नाही. शेवटी फ्यूज आणि बॅटरी लावून नुसती चावी फिरवली, पंपाचा आवाज येऊ दिला आणि कुठं पेट्रोल पाझरतं का ते टॉर्चच्या उजेडात पाहिलं. ही पायरी कोणी वगळू नये. पेट्रोलच्या कामात घाई नाही.

गाडी चालू केली तर थरथर गेली, पण इंजिन रेसवर ओरडायला लागलं. मिस्त्रीनं थ्रॉटल बॉडीवर वाकून पाहिलं आणि विचारलं, “काकाजी, इस्क्रू कोनं फिरवला हा?” त्या स्क्रूवर मुळात रंगाचा ठिपका असतो, तो उखडलेला होता. शहरातल्या गॅरेजनं रेस वाढवली ती तिथूनच. एमपीएफआय गाडीत आयडलिंग त्या स्क्रूनं ठरवायचं नसतं. पाकळीच्या बगलेनं किती हवा सोडायची ते आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह सांभाळतो, हेडलाइट लावले की वाढवतो, काढले की कमी करतो. स्क्रू फिरवला की त्या व्हॉल्व्हचा हिशेबच बिघडतो. मिस्त्रीनं थ्रॉटल बॉडी आणि तो व्हॉल्व्ह काढून क्लीनरनं धुतले, मऊ ब्रशनं काळा थर काढला, आणि स्क्रू रंगाच्या जुन्या खुणेवर आणला. मग रेसला हात न लावता गाडी काही वेळ तशीच चालू ठेवली. हेडलाइट लावले. आवाज क्षणभर खाली गेला आणि स्वतःच वर आला.

तीन सिलिंडरचं इंजिन चार सिलिंडरच्या इतकं गुळगुळीत चालत नाही, त्याच्या बांधणीतच थोडं डोलणं आहे. त्यामुळे बोनेटवर हात ठेवला तर आजही हलकं कापरं लागतं. ते आजार नाही. नवी चार सिलिंडरची गाडी चालवून आलेला माणूस आमच्या गाडीत बसला तर हमखास विचारतो, आणि मी त्याला हेच सांगते.

पीयूसी परत काढलं. हायड्रोकार्बन आधीच्या निम्म्याच्याही खाली आला. मजुरी घेताना मिस्त्रीनं सीलचे पैसे धरलेच नाहीत, ते तर सरांना मी दिलेच होते. मजुरी मात्र पूर्ण दिवसाची घेतली आणि ती मला मुळीच जड गेली नाही, कारण त्यातला बहुतेक दिवस त्यानं काही न बदलता नुसतं शोधण्यात घालवला होता. आपल्याकडे पार्टचे पैसे द्यायला लोक कुरकुरत नाहीत, शोधण्याचे द्यायला कुरकुरतात. म्हणून मिस्त्रीही आधी पार्टच बदलतात.

गाडी आता ढेपेच्या खोलीपासून लांब, अंगणात निंबाखाली उभी करतो. बोनेटखाली तंबाखूची पुडी बांधा, डांबराच्या गोळ्या ठेवा, असं बरंच सुचवलं गेलं. पुडीचा वास चार दिवस टिकला. रात्री बोनेट उघडं ठेवणं त्यातल्या त्यात बरं वाटतं, कारण उंदराला अंधार आणि ऊब लागते. दवाचे दिवस आले की तेही जमणार नाही.

एक काम बाकी आहे. रिव्हर्स टाकताना गाडीला अजून एक धक्का बसतो. मिस्त्रीनं हँडब्रेक ओढून, क्लच हळूच सोडायला लावून पाहिलं, तर इंजिन एका बाजूला उचललं जातं. इंजिन माउंटचं रबर फाटलंय. यवतमाळच्या दुकानात सांगून ठेवलं आहे, पहिल्या वेचणीचा कापूस विकला की बसवून घेऊ.